पंचम म्हणजे दीडपट वेग

सनईचा एक सेकंदाचा सूर संगणकात घेतला की त्याचे ४४,१०० आकडे होतात. ते आकडे मूळ गतीने वाचले तर तोच सूर, दुप्पट गतीने वाचले तर वरचा षड्ज आणि दीडपट गतीने वाचले तर निखळ पंचम. ‘प्युअर डेटा’ या प्रोग्रॅममध्ये मी वर्षानुवर्षं हाच खेळ मांडून बसतो आणि अजून मन भरत नाही.

इथे ओळीमागून ओळ लिहायची नसते. पडद्यावर चौकट काढायची, तिच्यात कामाचं नाव टाकायचं आणि चौकटी तारांनी जोडायच्या. या जोडणीला ‘पॅच’ म्हणतात. ‘मेट्रो ५००’ लिहिलं की दर अर्ध्या सेकंदाला ठोका मिळतो. नावामागे ~ हे चिन्ह असेल तर त्या चौकटीतून अखंड ध्वनी वाहतो. आवाज कुठून निघाला आणि कुठे अडला, हे डोळ्यांना दिसतं. ज्याला कोडची भीती वाटते, त्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाला वाजवायला लावलं. मिलर पकेट यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या ‘इरकॅम’ संस्थेत चौकटी-तारांचा प्रोग्रॅम लिहिला, त्याला ‘मॅक्स’ हे नाव मॅथ्यूज यांच्यावरूनच मिळालं. १९९६ला पकेट यांनीच ‘प्युअर डेटा’ आणला, तोही मोफत. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता आणि १९८२ला मुंबईच्या चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर दहा राग वाजवले.

आता माझ्या आवडीचं. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती पाहण्याइतकंच ऐकण्यासारखंही खूप असतं. कच्च्या मूर्तीवर फिरणारा पॉलिश पेपर, साच्यावरची थाप, काँप्रेसरची घरघर, मधूनच स्प्रेगनचा फुस्कारा. मालकांना विचारून मी हे मोबाइलवर टिपलं. साच्यावरची थाप निम्म्या गतीने वाचली आणि तिचा खर्जातला ढोल झाला!

पॅच असा. ‘फेझर~ १’ ही चौकट सेकंदाला एकदा शून्यापासून एकपर्यंत चढते. तिला ४४,१०० ने गुणायचं आणि ‘टॅबरीड४~’ला द्यायचं. ती टिपलेल्या सेकंदभराच्या आवाजाच्या आकड्यांचा तक्ता त्या क्रमाने वाचते. दोन आकड्यांच्या मधली जागा आली, तर शेजारच्या चार आकड्यांवरून अंदाज बांधते. पुढे ‘डॅक~’, म्हणजे स्पीकर. ‘फेझर~’ला १ऐवजी १.५ दिलं की पंचम. मात्र सूर चढतो तसा आवाज आखूडही होतो. हे दोन्ही वेगळे करायचे तर नमुन्याचे, म्हणजे टिपलेल्या आवाजाचे, बारीक कण करून ते एकमेकांवर चढवावे लागतात.

आणि तक्त्याची फेरी संपताना येणारा तो ‘टक’ आवाज! तक्त्याचा शेवटचा आकडा ०.३ आणि पहिला उणे ०.२ असला, तर प्रत्येक फेरीला स्पीकरचा पडदा एकदम उडी मारतो. उपाय सोपा आहे. दोन्ही टोकांना शून्यावर येणारा दुसरा तक्ता घेऊन त्याने गुणायचं. टक नाहीसा होतो.

दुप्पट, दीडपट अशा गुणोत्तरांपाशी आलो की मला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आठवतात. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साथीने श्रुतींचा शोध घेतला आणि १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. शुद्ध गंधार षड्जाच्या १.२५ पट, कीबोर्डवरचा मात्र सुमारे १.२६ पट. कानाला तो चढाच लागतो. देवलांना ज्यासाठी एवढी खटपट करावी लागली, ते आज चौकटीत १.२५ लिहिलं की ऐकू येतं. शाळेतल्या संगीताच्या तासाला हे मुलांना ऐकवलंच पाहिजे.

पुन्हा नमुन्यांकडे वळू. पेणहून रेल्वेने कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरलं की धावीर महाराजांचं गाव. त्यांच्या पालखीच्या गर्दीत नमुना घेता येत नाही, सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून तिथल्या खालूबाजा या वाद्यमेळाच्या मंडळींना बाजूला गाठून, सनई वेगळी, ढोल वेगळा, टिमकी वेगळी, अशी मी टिपून घेतली. विकत मिळणाऱ्या तयार नमुन्यांत तबला-सतार हवी तेवढी असते; खालूबाजा मात्र माझ्या पाहण्यात आलेला नाही. आगरी लग्नात गायले जाणारे धवलेही नाहीत.

पेण-रोह्याच्या तरुणांनी हे आवाज टिपण्याचं काम अंगावर घ्यावं. प्युअर डेटा विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, जुना लॅपटॉपही पुरतो. वाजवणाऱ्याची आणि धवले गाणाऱ्या धवलारणीची परवानगी घ्या, नमुन्यासोबत त्यांचं नाव आणि गाव लिहून ठेवा. आणि पहिला पॅच सुरू करताना आवाज अगदी कमी ठेवा. एखादी तार चुकली तर हेडफोनमधून कानठळ्या बसतात.