इशारादर्शक दिवे, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या चालकासमोरील दर्शक फलकावर बसविलेले व गाडीच्या निरनिराळ्या यंत्रणांतील बिघाडाची सूचना देणारे लहान दिवे. पूर्वी तेलाचा दाब व विद्युत् प्रवाह दाखविण्यासाठी काट्याची मापके असत. त्यांच्याऐवजी दिवे वापरण्यास अमेरिकेतील हडसन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात प्रारंभ केला. काट्यावरून दाब हळूहळू उतरत असल्याचे कळते. दिवा मात्र ठराविक मर्यादा ओलांडली गेल्यावरच लागतो. सामान्यतः तांबडा दिवा तातडीचा धोका, तर पिवळा दिवा लवकर तपासणी करण्याची गरज दर्शवितो.

तेलदाबाचा तांबडा दिवा सर्वांत महत्त्वाचा होय. एंजिनाच्या तेलमार्गात पातळ पडदा असलेला स्विच बसविलेला असतो. पुरेसा दाब आला म्हणजे पडदा सरकून स्विचातील स्पर्शक विलग होतात व दिवा विझतो. गाडी चालू असताना हा दिवा लागल्यास धारव्यांतील तेलाचा पापुद्रा नाहीसा होऊन धातूवर धातू घासण्याचा धोका असतो व एंजिन थोड्याच वेळात निकामी होऊ शकते. गाडी सावकाश चालवून पुढचे गाव गाठण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु तेलपंप एंजिनावरच चालत असल्याने वेग कमी केल्याने दाब वाढत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून एंजिन लगेच बंद करावे व तेलाची पातळी पाहावी. पातळी योग्य असूनही दिवा विझत नसेल, तर दोष केवळ स्विचाचा असणे शक्य आहे. तथापि दाब प्रत्यक्ष मापल्याशिवाय तसे गृहीत धरू नये.

घटमालेचा दिवा लागल्यास प्रत्यावर्तकाकडून भारण होत नाही असे समजावे. त्याचबरोबर एंजिनाचे तापमानही चढत असल्यास पट्टा तुटल्याचा संभव असतो, कारण पुष्कळ एंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. गतिरोधकाचा दिवा हातगतिरोधक सोडल्यावरही राहिल्यास द्रवाची पातळी तपासावी. नुसता द्रव भरून दिवा विझविल्यास गळती तशीच राहते.

एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा उत्सर्जनाशी संबंधित दोष दाखवितो. तो स्थिर असल्यास कार्यशाळेपर्यंत जाता येते. लुकलुकत असल्यास न जळलेले इंधन उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन तो अतितप्त होण्याचा धोका असतो. अशा वेळी एंजिनावरील भार ताबडतोब कमी करावा.

एंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरविताच यांतील बहुतेक दिवे क्षणभर लागतात. त्या वेळी न लागणारा दिवा बिघडलेला असू शकतो व पुढे खरा दोष उद्‌भवला तरी तो विझलेलाच राहतो.