आंबट कोबीची बरणी

दोस्तांनो, थंडीच्या दिवसांत वाशीच्या घाऊक भाजीबाजारात गेलात, तर कोबीच्या गोण्याच गोण्या दिसतील. गॅलरीत भरपूर ऊन येत असेल, तर दिवाळीच्या सुमारास मोठ्या कुंडीत रोप लावून घरीसुद्धा एखादा गड्डा धरतो, बरं का! पण सलग तिसऱ्या दिवशी डब्यात कोबीची भाजी निघाली की तुमचं तोंड कसं होतं, ते काही सांगायला नको!

जर्मन लोकांनी यावर जुनाच तोडगा काढलाय. त्याचं नाव साउअरक्राउट, म्हणजे चक्क ‘आंबट कोबी’. त्यात ना तेल, ना व्हिनेगर, ना मसाला. फक्त कोबी आणि मीठ!

मग आंबटपणा येतो कुठून? कोबीच्या पानांवर जीवाणू असतातच. काही कोबी सडवणारे, काही आंबवणारे. मीठ घातलं की सडवणारे नरम पडतात. आंबवणाऱ्यांना मात्र ते चालतं. त्यांना हवाही लागत नाही. कोबीतली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्यात असतं ना, तेच! यातला ल्युकोनोस्टॉक नावाचा गडी तर इडलीचं पीठही फुगवतो. म्हणजे तुमची जुनी ओळख निघाली की!

आता करून बघू या. एक किलो कोबी बारीक चिरा (विळी मोठ्यांच्या हाती द्या) आणि वरचं एक धुतलेलं पान बाजूला ठेवा. कोबीत २५ ग्रॅम मीठ घाला. हे मीठ अंदाजाने नको, वजन करूनच. कमी पडलं तर कोबी सडेल, जास्त झालं तर आंबणारच नाही. परातीत दहा मिनिटं चांगलं चुरा. इतकं पाणी सुटेल की तुम्ही चकित व्हाल! हाच त्याचा खार. काचेच्या बरणीत कोबी दाबून भरा, वर ते पान ठेवा आणि त्यावर वजन म्हणून काचेची छोटी वाटी. कोबी खाराखाली बुडलेलाच हवा. वर डोकावला की बुरशी आलीच म्हणून समजा! बरणीला दादरा बांधा, म्हणजे आतला वायू बाहेर पडेल.

दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतील. २१ ते २४ अंश तापमानात तीन-चार आठवडे लागतात. आपल्याकडे उकाड्यात कोबी भराभर आंबतो, पण मऊ पडतो. म्हणून हा उद्योग जानेवारीतच करा आणि बरणी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा.

या आंबट कोबीने समुद्रही गाजवलाय. १४९८ च्या ऑक्टोबरात वास्को द गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. अरबी समुद्र ओलांडायला त्याला तीन महिने लागले आणि तीसेक खलाशी स्कर्व्हीने मेले. ताजी भाजी-फळं नाहीत, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व नाही. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उघडायच्या.

पुढे १७६८ मध्ये कॅप्टन कूक ‘एंडेव्हर’ जहाजावर पिंपंच्या पिंपं आंबट कोबी घेऊन निघाला. खलाशांनी नाकं मुरडली. कूक वस्ताद! तो कोबी त्याने रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागू लागले; आठवड्याभरात शिधा मोजून द्यायची वेळ आली! अर्थात, सगळं श्रेय काही या पिंपांचं नाही. बंदर लागलं की कूक ताजा पालाही गोळा करायला लावायचा.

बरणी वर्षभर टिकवायची तर? परदेशात पूर्ण आंबलेला कोबी अर्ध्या लिटरच्या बरण्यांत भरून, हवाबंद झाकण लावून, उकळत्या पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवतात. बोट्युलिनम नावाच्या जीवाणूची बीजं उकळूनही मरत नाहीत, पण आंबटात ती वाढूही शकत नाहीत. म्हणून अर्धवट आंबलेला कोबी कधीही असा बंद करायचा नाही. शिवाय त्या उष्णतेत आपले इडलीवाले दोस्त मरतात आणि ‘क’ जीवनसत्त्वही घटतं. लोणच्याच्या जुन्या बाटल्यांची झाकणं तर नीट हवाबंद होतच नाहीत.

त्यापेक्षा आपलं फ्रिज बरं! कोबी हवा तितका आंबट झाला की बरणी आत ठेवा. भाकरी-पिठल्याबरोबर थोडा वाढून घ्या. आणि घरातल्या कुणी नाक मुरडलंच, तर त्यांच्यासमोर बसून मिटक्या मारत खा!