वाट ओळखणारे पथक

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरून ठार मारण्यात आले. अशा प्रसंगी नेहमीचे पोलीस दल अपुरे पडते, हे तेव्हा युरोपला कळून चुकले. त्यानंतर तेथील अनेक देशांनी, अगदी लहान देशांनीही, निवडक पोलिसांची खास पथके उभारली. दार फोडून आत शिरणे आणि काही मिनिटांत माणसे सोडवणे हे त्यांचे मुख्य काम. महाराष्ट्रातील अशाच एका पथकापुढे मात्र दार नव्हते, जंगल होते. ते पथक म्हणजे गडचिरोलीचे ‘सी-६०’.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत असे. १९८० च्या सुमारास आंध्र प्रदेशातून सशस्त्र नक्षलवादी या भागात आले. बाहेरून बदलून आलेल्या पोलिसांना येथील पायवाटा ठाऊक नव्हत्या आणि गोंडी, माडिया या बोलीही समजत नव्हत्या. ज्या गावात साधी वाट विचारता येत नाही, तेथे संरक्षण कोणाचे आणि कसे करायचे?

तत्कालीन जिल्हा पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी १ डिसेंबर १९९० रोजी स्थानिक जवानांचे पथक उभे केले. कमांडो शब्दाचा ‘सी’ आणि जवानांची संख्या साठ, एवढेच त्या नावाचे रहस्य. पुढे संख्या पुष्कळ वाढली, नाव तेच राहिले. १९९४ मध्ये दक्षिण भागासाठी अहेरी येथे दुसरे केंद्र सुरू झाले. पथकातील प्रत्येक तुकडीला ‘पार्टी’ म्हणतात आणि ती आपल्या नायकाच्या नावाने ओळखली जाते.

जवानांना मानेसर, हजारीबाग, कांकेर अशा ठिकाणी प्रशिक्षण दिले जाते. पण पायाखालचे जंगल ओळखण्याची जाण ते घरूनच घेऊन येतात. पाठीवर शिधा आणि शस्त्र घेऊन ते दिवसेंदिवस पायी फिरतात. पायीच का, याचे उत्तर कठोर आहे. रस्त्यात भूसुरुंग पेरलेले असू शकतात. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ अशाच स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले.

स्थानिक असणे हे या पथकाचे बळ, तसेच ओझेही. जवानाचे घर त्याच जिल्ह्यातील गावात असते, त्यामुळे त्याच्या कुटुंबालाही धोका असतो. समोर बंदूक धरलेला तरुण शेजारच्या गावचा असू शकतो. २२ एप्रिल २०१८ रोजी आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत कसनासूर परिसरात झालेल्या चकमकींत ४० जण मारले गेले. पोलिसांनी ते मोठे यश मानले. परंतु मृतांमध्ये काही नवखे तरुण-तरुणी होते, असे त्यांच्या गावच्या लोकांनी सांगितले आणि चकमकीविषयी प्रश्न उपस्थित केले. अशा प्रश्नांची उत्तरे देणे हेही कायद्याने चालणाऱ्या दलाचे कर्तव्यच होय.

या पथकाचे दुसरे काम वर्तमानपत्रांत कमी येते. जंगलात गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना भेटायचे, शरण आल्यास शासनाच्या कोणत्या योजना मिळतील ते सांगायचे, परत येण्याचा निरोप पोचवायला विनवायचे. हे बोलणे त्यांच्याच बोलीत होते, म्हणून ते निदान ऐकले तरी जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्येष्ठ माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.