दापोड्याच्या मापात फ्रान्सचं नौदल

दापोड्यात जागेचा हिशेब स्क्वेअर फुटात चालतो. भिवंडीच्या या पट्ट्यात लाख स्क्वेअर फुटांच्या गोदामाचं कुणाला नवल वाटत नाही. म्हणून फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’ या विमानवाहू जहाजाचं वरचं डेकही याच मापात सांगतो: 12 हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 1 लाख 29 हजार स्क्वेअर फूट. एवढं गोदाम समुद्रावरून ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने पळतं! वजन 42,500 टन, लांबी 261 मीटर, आणि पोटात प्रत्येकी 150 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या.

थक्क व्हायला होतं ते विमान उडताना. धावपट्टी म्हणावी तर फक्त 75 मीटरची. राफेलचं पुढचं चाक डेकमधल्या खाचेतल्या सरकत्या ठोकळ्याला अडकवतात, इंजिनं पूर्ण जोरात येतात आणि वाफेच्या दाबाने वीसेक टनांचं ते विमान दोन-तीन सेकंदांत ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पोचतं. परत येताना त्याच्या शेपटाखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकला पाहिजे. नाही अडकला तर वैमानिकाने तसंच पुन्हा आकाशात जायचं. त्यासाठी तो डेकला टेकतानाच इंजिनाचा जोर वाढवतो.

जहाजावर 1,900च्या आसपास माणसं आणि 45 दिवसांचा शिधा. दिवसाला तीन वेळचं जेवण धरलं तरी अडीच लाखांहून जास्त ताटं होतात. माल साठवणं आणि वेळेवर काढणं म्हणजे काय, हे भिवंडीकराला वेगळं सांगायला नको.

पण फ्रान्सची खरी ताकद दिसत नाही. ‘ल त्रियोंफां’ वर्गाच्या त्यांच्या चार पाणबुड्या आहेत. प्रत्येकीत 16 अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्रं, एकेकाचं वजन 50 टनांहून जास्त. म्हणजे नुसत्या क्षेपणास्त्रांचंच 800 टन. प्रत्येक पाणबुडीला दोन-दोन चमू. एक चमू समुद्रात असतो तेव्हा दुसरा जमिनीवर तयारी करतो. 1972 पासून फ्रान्सची अशी किमान एक अण्वस्त्रवाही पाणबुडी कायम पाण्याखाली आहे, आधी जुन्या वर्गाची, आता या चारपैकी. अर्ध्या शतकाहून जास्त काळ एक दिवसही खंड नाही. मला विमानवाहू जहाजापेक्षा हा आकडा मोठा वाटतो.

एवढा पसारा कशासाठी? जगभर विखुरलेल्या बेटांमुळे फ्रान्सच्या हक्काचं सागरी क्षेत्र सुमारे 1 कोटी चौरस किलोमीटर भरतं. आपल्या महाराष्ट्रासारखी तीसहून जास्त राज्यं त्यात मावतील. ते राखायला माणसं जेमतेम 37 हजारांच्या घरात.

या नौदलाशी आपलं नातं दूरचं नाही. ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्याच खाडीकाठी शिवाजी महाराजांच्या आरमाराची लढाऊ जहाजं बांधायला सुरुवात झाली. पुढे 1679 मध्ये थळसमोरच्या खांदेरीवर त्याच आरमाराने इंग्रजांना झुंजवलं. आज ‘खांदेरी’ नावाची पाणबुडी भारतीय नौदलात आहे. आराखडा फ्रान्सचा स्कॉर्पीन, बांधणी मुंबईच्या माझगाव डॉकची. 2005 च्या करारातल्या सहापैकी शेवटची ‘वागशीर’ 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात दाखल झाली. गंमत अशी, की फ्रान्स स्वतः स्कॉर्पीन वापरतच नाही. त्यांच्या सगळ्या पाणबुड्या अणुशक्तीवरच्या.

एवढं असूनही त्यांचा एक हिशेब मला कच्चा वाटतो. विमानवाहू जहाज एकच. 2017-18 मध्ये ‘शार्ल द गोल’ दीड वर्ष दुरुस्तीला गेलं, तेव्हा फ्रान्सकडे असं एकही जहाज हाताशी नव्हतं. 2038 च्या सुमारास येणारं नवं जहाज 310 मीटर लांब असेल, पण तेही एकच, जुन्याच्या जागी. आपल्याकडे ‘विक्रमादित्य’ आणि ‘विक्रांत’ अशी दोन आहेत, आणि 26 नौदल-राफेलचा करार एप्रिल 2025 मध्ये झाला आहे. एक जहाज गोदीत गेलं तरी दुसरं समुद्रात राहतं. एवढ्या एका बाबतीत आपली बाजू त्यांच्याहून भक्कम आहे.