बंदुकीवर दुर्बीण कशी बसते?

आपल्या अंकात कविता पुष्कळ असतात, प्रवासवर्णने असतात, एखादी विनोदी कथाही असते. त्यांच्या शेजारी बंदुकीवरचा लेख, आणि तोही एका मुलीने लिहिलेला, पाहून काहींच्या भुवया उंचावतील. म्हणून आधीच सांगते की शिकारीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारीचा शौक संपवला, आणि ते योग्यच झाले. परंतु जर्मनी, स्वीडन, अमेरिका अशा देशांत हरणांची व रानडुकरांची शिकार कायद्याने नेमून दिलेल्या हंगामात आजही चालते. जर्मनीत तर परवान्यासाठी आधी रीतसर परीक्षा द्यावी लागते. तिकडच्या शिकाऱ्याच्या रायफलवर बहुधा दुर्बीण असते. ती नीट कशी बसवतात, आणि नीट बसली नाही तर काय होते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

मला याचे कुतूहल एन.सी.सी.मुळे लागले. आम्ही .२२ रायफलने पंचवीस मीटरवर नेम धरतो तेव्हा तिच्यावर दुर्बीण नसते. मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणायची, बस्स. आमच्या आळीत फौजेच्या शस्त्रदुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले एक सुभेदारकाका राहतात. दुर्बिणीने किती मोठे दिसते, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "पोरी, काच काय बघतीस? ती कशावर बसलीया ते बघ." या एका वाक्यापासून पुढचे सगळे शिक्षण सुरू झाले.

रायफलच्या नळीला मागच्या बाजूला जो जाड लोखंडी भाग जोडलेला असतो, ज्यात काडतूस शिरते, त्याच्या पाठीवर एक पट्टी किंवा दोन ठोकळे स्क्रूने बसवतात. ही झाली बैठक. बैठकीवर दोन कडी येतात आणि कड्यांच्या मिठीत दुर्बिणीची नळी. कडे दोन भागांचे असते, खालचा अर्धा आणि वरचा अर्धा. दुर्बिणीची नळी बहुधा २५.४ किंवा ३० मिलिमीटर जाडीची असते व कडी त्याच मापाची लागतात. पूर्वी जर्मन कारागीर प्रत्येक बंदुकीसाठी आकडे हाताने कानशीने घासून जुळवीत. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागे. अमेरिकेत १९३० सालापासून वीव्हर नावाच्या गृहस्थाने स्वस्त दुर्बिणी काढल्या आणि त्याच्याच नावाची सोपी बैठक सर्वत्र पसरली. पुढे १९९५ मध्ये अमेरिकन सैन्याने आडव्या खाचांच्या पट्टीचे माप पक्के केले. तिला पिकॅटिनी पट्टी म्हणतात. तिच्या दोन खाचांमधले अंतर १०.०१ मिलिमीटर, म्हणजे दहालाही एक शतांश जास्त! आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितले तेव्हा ते हसले. ते गवंडी आहेत. सुताला सूत जुळले की त्यांचे काम भागते.

आता थोडे गणित. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, मीही त्यांच्यातलीच आहे. दोन कड्यांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर आहे असे धरू. त्यातले एक कडे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर हलले. दहा सेंटीमीटरला ०.१ मिलिमीटर म्हणजे हजारास एक. शंभर मीटरवर हाच फरक दहा सेंटीमीटर होतो आणि दोनशे मीटरवर वीस. लहान जातीच्या हरणाचे हृदय व फुप्फुसे मिळून जागा जेमतेम वीतभर. गोळी तिथे लागली तर जनावर फार काळ तडफडत नाही. दहा-वीस सेंटीमीटर चुकली तर पोट फुटते किंवा पाय मोडतो, आणि ते मुके जनावर झाडीत शिरून तासन् तास, कधी दिवसच्या दिवस, मरत राहते. जखमी जनावराचा माग काढण्यासाठी जर्मनीत खास शिकवलेले कुत्रे नेतात, पण तो नंतरचा उपाय. सैल राहिलेल्या स्क्रूचे दुखणे शिकाऱ्याला होत नाही, दुसऱ्यालाच होते. शिकार मला पटत नाही, तरीही ती जिथे चालते तिथे हा स्क्रू घट्ट असावा असे मला वाटते ते यासाठी.

पण तो सैल का होतो? दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने पुढे गेली, तर चार किलोची रायफल सेकंदाला दोन मीटर वेगाने मागे येते. हा न्यूटनचा नियम. दारूच्या वायूचा धक्का यात धरलेलाच नाही. हा वेग सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात येतो. दुर्बीण मात्र जागच्या जागी राहू पाहते. चारशे ग्रॅमच्या दुर्बिणीला रायफलबरोबर ओढून आणायला क्षणभर सुमारे ऐंशी किलोचा जोर लागतो, म्हणजे एक धडधाकट माणूसच त्या कड्यांना लोंबकळला म्हणायचा! आणि हे सारे पेलणारे अमेरिकन पद्धतीचे स्क्रू असतात अवघे साडेतीन मिलिमीटर जाडीचे.

म्हणून बसवण्याची रीत. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून तपासायचे. त्याआधी पान्याला हात लावायचा नाही. मग स्क्रूचे आटे व भोके स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढायचा. तेलकट आट्यात स्क्रू फिरतो जास्त आणि धरतो कमी. बैठकीच्या स्क्रूला आटे धरून ठेवणाऱ्या औषधाचा एक थेंब लावतात. कड्याच्या पोटातला आडवा दांडा पट्टीच्या खाचेत बसवून कडे पुढे, नळीच्या तोंडाकडे दाबून धरायचे आणि मग आवळायचे. बंदूक मागे गेली की दुर्बीण पुढे सरकू पाहते. दांडा आधीच खाचेच्या पुढच्या कडेला टेकलेला असला तर सरकायला जागाच उरत नाही.

दुर्बीण कड्यात ठेवली की आधी डोळ्यापासूनचे अंतर बघतात. ते साधारण नऊ सेंटीमीटर लागते. कमी ठेवले तर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि कपाळावर अर्धचंद्र उमटतो. मग फुलीची उभी रेघ सरळ करायची. ती तिरपी राहिली तर दूरच्या नेमासाठी केलेली वरखाली दुरुस्ती गोळीला बाजूलाही नेते. हे कसे करतात हे ऐकून मला फार आनंद झाला. बंदुकीच्या बैठकीवर पाणसळ ठेवून ती समतल करतात, वीस-पंचवीस मीटरवर ओळंबा टांगतात आणि दुर्बिणीतली रेघ त्या दोरीला जुळवतात. म्हणजे आमच्या घरच्या पिशवीतली हत्यारेच!

शेवटी वरच्या अर्ध्या कड्याचे स्क्रू. एक पुरता आवळून मग दुसरा, असे करीत नाहीत. जीपच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. जोर किती? दहा सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला दोन किलोचे वजन टांगावे, साधारण तेवढा. याहून जास्त ताकद लावणारे बहाद्दर दुर्बिणीची नळीच चेपून ठेवतात. दुर्बीण बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाहावा व जोर मोजणारा पाना वापरावा.

सुभेदारकाकांनी मला हे एका छऱ्याच्या हवाई बंदुकीवर दाखवले. स्प्रिंगची ही बंदूक दिसायला गरीब, पण दुर्बिणीला फार छळते. आतला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि तो टोकाला आदळला की ती हिसक्याने पुढे जाते. इथे दुर्बीण उलट, मागे सरकते. काकांनी कड्याच्या कडेला दुर्बिणीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि स्क्रू मुद्दाम थोडे सैल ठेवले. वीस छऱ्यांनंतर रेघ तांदळाच्या दाण्याइतकी मागे गेली होती, आणि कागदावरची भोके मूठभर धान्य उधळल्यासारखी पसरली होती. स्क्रू आवळून पुन्हा वीस झाडले. ती रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

एवढे झाल्यावरच रायफल शून्यावर आणतात. बोल्ट काढून नळीतून पंचवीस मीटरवरचे लक्ष्य पाहायचे, बंदूक न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिकाणी आणायची, मग शंभर मीटरवर टेकू देऊन तीन गोळ्या झाडायच्या. पुष्कळ युरोपीय दुर्बिणींत चकतीचा एक 'टक्' म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटीमीटर. तिन्ही गोळ्या जवळजवळ पण बाजूला लागल्या तर चकती फिरवावी. त्या विखुरल्या असतील तर चकतीला हात न लावता आधी स्क्रू तपासावेत. जाणकार लोक स्क्रूच्या डोक्यावरून कड्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. हंगाम सुरू होण्याआधी, आणि बंदूक प्रवासात आपटली असेल तेव्हा, ती रेघ पाहतात आणि कागदावर पुन्हा तीन गोळ्या झाडतात.