चांद शोधण्याआधी आरसा जुळवा

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाला मगरिबची अजान झाली की खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो आणि नजरा पश्चिमेकडे वळतात. हिलाल, म्हणजे नव्या महिन्याची कोवळी कोर, दिसली तर उद्या ईद. नाही दिसली तर तिसावा रोजा. या प्रश्नाला धर्माची सीमा नसते. शिरखुर्म्याची वाट पाहणारे शेजारीही खिडकीतून विचारतात, "दिसला का हो?"

चांद पाहायला जव्हारसारखी जागा सहज सापडत नाही. समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवरचे हे गाव, आणि त्याच्या कडेला पश्चिमेकडे उघडणारा सनसेट पॉइंट. हवा स्वच्छ असेल तर तिथून थेट डहाणूजवळचा महालक्ष्मीचा डोंगर दिसतो. पलीकडे मोखाडा तालुक्यात सूर्यमाळचे पठार आहे. तिथे रात्री शहरी दिव्यांचा उजेड फार कमी पोहोचतो. मुंबई-ठाण्याच्या हौशी आकाशनिरीक्षकांना अशा काळोखासाठी लांबवर जावे लागते. म्हणूनच हल्ली मुंबई-नाशिककडची मंडळी डिकीत दुर्बीण टाकून या घाटांत येतात, आणि ऑनलाइन मागवलेल्या दुर्बिणी छोट्या गावांतही पोहोचल्या आहेत.

नंतर जे घडते ते या छंदातल्या बहुतेकांनी अनुभवलेले असते. दुर्बीण उभी राहते, मुलांची रांग लागते, पहिला मुलगा डोळा लावतो आणि म्हणतो, "नुसते पांढरे दिसतेय." दुसऱ्याला गुरू ग्रह शेपटी फुटल्यासारखा दिसतो. तिसऱ्याला काहीच दिसत नाही. मग "स्वस्तातली आहे" असा निकाल लागतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. खोक्यावर छापलेले '६७५ पट मोठे' असले दावे खोटेच असतात. आरशाच्या व्यासाच्या दर इंचाला पन्नास पट एवढीच उपयोगी मर्यादा धरावी. पण दोष दर वेळी काचेत नसतो. बऱ्याचदा कासा-जव्हार किंवा त्र्यंबक-मोखाड्याच्या वळणांवर बसलेल्या धक्क्यांनी आतले आरसे कललेले असतात, एवढेच.

इस्लामी इतिहासात चांद पाहण्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. बसरा शहरात लोक रमजानचा चांद शोधत होते. त्यांत पैगंबरसाहेबांचे सहाबी हजरत अनस बिन मालिक होते, वयाने शंभरीच्या घरात. ते म्हणाले, तो पाहा चांद. इतर कुणालाच दिसेना. एवढ्या थोर माणसाची साक्ष नाकारायची कशी, आणि दिसत नसलेला चांद मानायचा कसा? शहराचे काजी इयास बिन मुआविया यांनी पाहिले, की हजरत अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला आहे. त्यांनी तो हळूच बाजूला सारला आणि विचारले, "आता दाखवा, चांद कुठे आहे?" हजरत अनस म्हणाले, "आता दिसत नाही."

काजींनी ना वृद्धाला खोटे ठरवले, ना चांद जाहीर केला. त्यांनी आधी पाहण्याच्या वाटेतला अडथळा तपासला. दुर्बिणीचे आरसे जुळवणे, ज्याला हौशी मंडळी कॉलिमेशन म्हणतात, ते याच जातीचे काम आहे.

आरशाची दुर्बीण आयझॅक न्यूटनने १६६८ मध्ये बनवली आणि आजही हौशी लोकांच्या हाती मुख्यतः तोच नमुना असतो. नळीच्या तळाशी मोठा अंतर्वक्र आरसा. तो ताऱ्यांचा प्रकाश गोळा करून वर पाठवतो. तोंडाजवळ पंचेचाळीस अंशांत बसवलेला छोटा सपाट आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो, आणि तिथे आयपीसला डोळा लावायचा. मोठ्या आरशाचा पृष्ठभाग प्रकाशलहरीच्या चौथ्या हिश्श्याइतका अचूक लागतो, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण सात हजाराव्या भागापर्यंत. इतक्या निगुतीने घासलेली काच मागच्या एका ढिल्या स्क्रूने वाया जाते.

का जाते, याचे उत्तर परावर्तनाच्या नियमात आहे आणि तिथेही बसऱ्याचेच एक नाव भेटते. इब्न अल-हैथम, जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास. पुढे कैरोत राहून त्यांनी 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्रावरचा सात खंडांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून दिसते, ही जुनी कल्पना त्यांनी खोडली. वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते, असे प्रयोगांनिशी मांडले. सपाट, गोल, वक्र अशा आरशांवरून प्रकाश कसा परततो याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. त्यामुळे आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. हे दुप्पट प्रकरणच दुर्बिणीला नडते. आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीचा मुख्य आरसा अंशाच्या फक्त दहाव्या भागाने कलला, तरी आयपीसजवळ प्रकाश चार मिलिमीटरने सरकतो. आणि अशा दुर्बिणीत अगदी रेखीव प्रतिमा मिळते ती मधल्या जेमतेम पावणेपाच मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळात. म्हणजे केंद्रापासून कुठल्याही बाजूला अडीच मिलिमीटरही नाहीत. आखूड नळीच्या एफ ५ दुर्बिणीत हे वर्तुळ पावणेतीन मिलिमीटरवर येते, लांब नळीच्या एफ ८ मध्ये अकरापर्यंत जाते. आखूड दुर्बीण गाडीत सोयीची खरी, पण ती जास्त लाड मागते.

जुळवणीला महागडी साधने लागत नाहीत. आयपीसच्या जागी बसणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणाला बरोबर मधोमध बारीक भोक पाडले की काम भागते. मोठ्या आरशाच्या केंद्रावर एक छोटी गोल खूण लागते. बहुतेक दुर्बिणींत ती कारखान्यातूनच येते, नसेल तर फाइलच्या कागदांच्या भोकांना लावतात ती गोल चिकटपट्टी चालते. तिने प्रतिमा बिघडत नाही, कारण आरशाचा तो मधला भाग छोट्या आरशाच्या सावलीतच असतो.

दिवसाउजेडी, सावलीत, नळी आडवी ठेवून बसावे. आडवी अशासाठी, की हातातून निसटलेली चावी खालच्या आरशावर पडू नये. भोकातून पाहिले की आधी छोटा आरसा दिसतो. तो नजरेच्या मधोमध, गोल दिसायला हवा. त्याच्या तीन बारीक स्क्रूंनी तो असा वळवायचा, की त्यात मोठ्या आरशाची पूर्ण कड आणि कडेचे तिन्ही चिमटे दिसतील. हा भाग चिकट आहे आणि घाई केली की हमखास बिघडतो. पण एकदा बसला की वर्षभर सहसा हलत नाही. धक्क्याने हलतो तो तळाचा मोठा आरसा. त्याच्यामागे तीन जुळवणीचे आणि बहुधा तीन घट्ट करायचे स्क्रू असतात. भोकातून पाहताना मोठ्या आरशावरची गोल खूण आणि आपल्याच भोकाचे प्रतिबिंब एकमेकांवर यायला हवे. इथे दोन माणसे असली तर बरे: एकाने डोळा लावायचा, दुसऱ्याने मागे बसून स्क्रू फिरवायचा. "थोडा, अजून थोडा, बस, परत मागे." बापलेकीने किंवा मामा-भाच्याने असरनंतर करायला इतके छान काम नाही. भिंगांच्या छोट्या दुर्बिणीला हा खटाटोप सहसा लागत नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

बाजारात लेझरचे जुळवणी-यंत्रही मिळते. ते सोयीचे, पण त्याचा किरणच वाकडा असेल तर दुर्बीण वाकडीच जुळेल. ते फोकसरमध्ये गोल फिरवून पाहावे. लाल ठिपका जागचा हलला नाही तरच त्यावर विश्वास ठेवावा. भुवईचा केस यंत्रालाही असतो.

खरी परीक्षा रात्री, ताऱ्यावर. दुपारी तापलेला आरसा जव्हारच्या गार हवेत उतरायला अर्धा-पाऊण तास घेतो. इफ्तारपूर्वी दुर्बीण अंगणात ठेवली तर तरावीहची नमाज आटोपून येईपर्यंत ती तयार असते. मग उत्तरेला ध्रुवतारा धरावा. जव्हारचा अक्षांश वीसच्या आसपास, म्हणून ध्रुव क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर असतो. इतक्या खाली हवा थोडी थरथरते, पण तो जागचा हलत नाही, ही सोय मोठी. दीडशे पटीच्या पुढे जाऊन फोकस किंचित बिघडवावा. ताऱ्याभोवती कडी दिसतात, मधे काळा ठिपका. कडी एकात एक समान बसली तर आरसे जुळले. ठिपका एका कडेला सरकला तर मागचा एखादा स्क्रू केसभर फिरवावा, तारा पुन्हा मधोमध आणावा आणि मगच निकाल द्यावा. बिघडले तर स्क्रू उलटा.

मग फोकस नीट करून दुर्बीण मृग नक्षत्राकडे वळवावी. आपल्या राजन्य ताऱ्याला जग रायगेल म्हणते. शब्द अरबी 'रिज्ल' म्हणजे पाय यावरून आला. त्याच्या झगझगाटात एक मंद जोडीदार तारा लपलेला आहे. आरसे कललेले असतील तर तो पसरलेल्या उजेडात बुडून जातो; जुळले की ठिणगीसारखा वेगळा दिसतो. खाली मृगाच्या तेजोमेघात चार तारे चौकोनात बसलेले दिसतात. दुर्बीण तीच, डोळा तोच, पण रांगेतला मुलगा या वेळी लवकर बाजूला होत नाही.

एकोणतिसाव्या संध्याकाळचे गणित मात्र जरा वेगळे आहे. चंद्र सूर्यापासून सुमारे सात अंशांच्या आत असेल तर कोर तयारच होत नाही, मग दुर्बीण कितीही मोठी असो. पलीकडे असेल तरी ती सूर्यामागोमाग लवकर मावळते, आणि संधिप्रकाशात केसासारखी कोर शोधायला थोडीच मिनिटे मिळतात. आठ इंची दुर्बीण अठ्ठेचाळीस पटीवर जेमतेम एक अंश आकाश दाखवते. म्हणून त्या दिवशी मुख्य आरशांइतकीच, किंबहुना जास्त, महत्त्वाची असते ती नळीवरची छोटी शोधक दुर्बीण, म्हणजे फाइंडर. तिची आणि मोठ्या नळीची दिशा एक हवी. हे काम सकाळी करावे: महालक्ष्मीचा सुळका किंवा लांबचा मोबाइल टॉवर मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणायचा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच त्याच्या फुलीवर बसवायचा. सायंकाळी हा उद्योग करू नये, कारण या दिवसांत सूर्य त्याच बाजूला उतरतो. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय पश्चिमेकडे दुर्बीण वळवूच नये. एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलांच्या बाबतीत तर यात कसलीही सवलत नको.

दुर्बिणीने पाहिलेला चांद ग्राह्य धरावा का, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्याकडे सर्वसाधारणपणे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याची शहादत, म्हणजे साक्ष, मागितली जाते. पण जुळलेल्या दुर्बिणीने जागा सापडली की मग नुसत्या डोळ्यांनीही नेमके तिथे पाहता येते. विमानाची धुराची रेघ, ढगाची उजळ कड किंवा काचेतले प्रतिबिंब म्हणजे चांद नव्हे, हेही तीच सांगते. ईदचा दिवस ज्या साक्षीवर ठरणार, तिच्यासाठी एवढी खातरजमा जास्त नाही.

या भागात एक अडचण दुर्बिणीबाहेरची आहे. होळीच्या आगेमागे शेतकरी राब भाजतात. त्याचा धूर संध्याकाळी दऱ्यांतून क्षितिजालगत पसरतो, नेमका चांदच्या उंचीवर. शेतीचे काम थांबणार नाही. पाहणाऱ्यानेच उंच जागा धरावी. तरी पूर्वीपेक्षा दिवस बरे आहेत. २०१४ ते २०१६ या वर्षांत ईदचा चांद जुलैत शोधावा लागला, आणि जव्हार-मोखाड्याच्या जुलैत समोरचा डोंगर दिसत नाही तिथे चांद कुठला! रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. आता तो हिवाळ्याकडे सरकतो आहे, म्हणजे पुढची बरीच वर्षे आकाश मोकळे मिळेल.

रोजे मोजणाऱ्याला चंद्राचे वेळापत्रक तोंडपाठ असते आणि ते इथे कामी येते. सातव्या-आठव्या रोजाला चंद्र अर्धा असतो. उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरे तेव्हा सर्वांत ठसठशीत दिसतात. मधल्या अशऱ्यात चांदण्याने बाकी आकाश फिके पडते. शेवटच्या अशऱ्यात संध्याकाळी चंद्र नसतो; सूर्यमाळच्या अंधारात तेजोमेघ पाहायच्या त्याच रात्री.

शिकायचे असेल तर वाट दाखवणारे आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शन वांगणीला वर्षानुवर्षे होत आले आहे, आणि पुण्याच्या आयुका संस्थेने हौशी लोकांना हाताने आरसा घासून दुर्बीण बनवायला शिकवले आहे. स्वतः आरसा घासलेला माणूस तो कललेला सहन करत नाही.

पहाटेचीही एक वेळ आहे. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या सहरीला पूर्वेकडे जुन्या चंद्राची बारीक कोर उगवते. रात्रभर हवा गार झालेली असते, म्हणून ताऱ्यावर आरसे पुन्हा एकदा तपासून मग दुर्बीण तिच्यावर लावावी. ही कोर ज्या पहाटे शेवटची दिसते, त्याच संध्याकाळी पश्चिमेला नवा चांद सहसा दिसत नाही. ती तारीख लिहून ठेवली, की एकोणतिसाव्या संध्याकाळी किती आशा धरायची याचा अंदाज घरबसल्या येतो.