मुलाचे अवधान आणि संगणकाची मोजपट्टी

'लक्ष देत नाही' हा शेरा आपल्या शाळांतून फार सहजपणे लिहिला जातो. लिहिणाऱ्या शिक्षकास ते साधे निरीक्षण वाटते. वस्तुतः ते निदान असते, आणि तेही परीक्षेवाचून केलेले. हल्ली शाळांतून संगणक व टॅबलेट आले आहेत, आणि थोड्या मिनिटांत एकाग्रता मोजून देऊ म्हणणाऱ्या चाचण्या कोणाच्याही भ्रमणध्वनीवर उतरवून घेता येतात. शेऱ्यास आकड्याची जोड मिळाली की तो पुसणे कठीण होते. म्हणून हा आकडा कसा निघतो आणि त्यावर कोठवर विसंबावे, हे प्राथमिक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

अवधान मोजण्याच्या शास्त्राचा उगम मोठा उद्बोधक आहे. इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेत डेव्हिड किनेब्रूक नावाचा साहाय्यक होता. दुर्बिणीतील तारेवरून तारा सरकण्याचा क्षण घड्याळाच्या ठोक्यांवरून टिपणे हे त्याचे काम. त्याच्या नोंदी आपल्या नोंदींपेक्षा सेकंदाच्या सुमारे आठ दशांश भागाने मागे पडतात, असे वेधशाळेचे प्रमुख मॅस्केलिन यांस आढळले. ताकीद देऊनही अंतर कमी होईना, तेव्हा १७९६ साली त्यास कामावरून दूर करण्यात आले. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने ही हकीकत वाचली व निरनिराळ्या निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या. कोणत्याही दोघांच्या नोंदींत असे अंतर असतेच, असे त्यास दिसून आले. ज्यास हयगय म्हटले गेले तो माणसामाणसांतील स्वाभाविक भेद होता. किनेब्रूकची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

त्यानंतरचा मोठा टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणारे सैनिक, डोळे उघडे असूनही, खुणा का चुकवतात असा प्रश्न उभा राहिला. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ तयार केले. त्याचा काटा दर सेकंदास एक लहान उडी घेई, आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती दिसताच कळ दाबावयाची. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे पहिल्या अर्ध्या तासानंतरच खुणा निसटू लागतात. हे धडधाकट, शिकवून तयार केलेल्या प्रौढांविषयी आहे. सात वर्षांच्या मुलाकडून आपण किती वेळ सलग लक्षाची अपेक्षा करतो, याचा विचार येथे सहजच मनात येतो.

आजच्या संगणकीय चाचण्यांची मूळ कल्पना १९५६ मधील आहे. रोझव्होल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूस इजा झालेल्या रुग्णांपुढे एकामागून एक अक्षरे दाखविली आणि ठरावीक अक्षर दिसताच कळ दाबावयास सांगितले. पुढे हेच काम संगणक करू लागला. प्रचारात असलेल्या एका चाचणीत सुमारे चौदा मिनिटांत ३६० अक्षरे दाखविली जातात. प्रत्येक अक्षर पाव सेकंद दिसते, आणि एक विशिष्ट अक्षर सोडून इतर सर्वांना कळ दाबावयाची असते. संगणक मुख्यतः तीन गोष्टी टिपतो: कळ दाबावयास हवी होती तेथे न दाबणे, नको होती तेथे दाबणे, आणि दाबण्यास लागलेला वेळ. पहिलीवरून अवधान निसटल्याचा, दुसरीवरून उतावीळपणाचा तर्क बांधतात. वेळेची केवळ सरासरी पाहून भागत नाही. तो किती कमीजास्त होत राहतो, हेही पाहावे लागते. मुलगा सर्वत्र सारखाच सावकाश असेल तर तो मंदगती आहे एवढेच कळते. कधी चटकन व कधी फार उशिरा दाबत असेल, तर त्याचे मन मधून मधून अन्यत्र जाते असे मानण्यास जागा राहते.

यावरून ध्यानात येईल की अवधान ही एकजिनसी वस्तू नाही. टिकवून धरणे, अनेकांतून नेमके निवडणे, आणि हात आवरून धरणे ही तिची निरनिराळी अंगे आहेत. ज्वारीच्या हंगामात माळ्यावर बसून गोफण हाती घेऊन पाखरांवर नजर ठेवणारा मुलगा पहिल्या अंगात कोणाहून कमी नसतो. तोच वर्गात चुळबुळ करतो, तेव्हा 'याला लक्षच नाही' हे विधान निदान अर्धे तरी चुकीचे ठरते.

परकी मोजपट्टी आपल्या मुलांस तशीच लावू नये, ही जाण आपल्याकडे नवी नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्यांचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रौढांच्या कसोट्यांत वय व शिक्षण यांप्रमाणे वेगवेगळी मानके दिली आहेत, कारण शाळा न पाहिलेल्या व पदवी घेतलेल्या माणसांस एकच माप लावता येत नाही. भ्रमणध्वनीवरील चाचणी मात्र कोणत्या मुलांच्या मानकांवर आकडा काढते, हे बहुधा सांगत नाही. रोमन अक्षरे नुकती शिकलेल्या, किंवा तांड्यावरून येणाऱ्या व घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचा अर्धा वेळ अक्षर ओळखण्यातच जातो. म्हणून काही चाचण्यांत अक्षरांऐवजी चौकोनासारख्या आकृत्या योजतात, ते योग्यच आहे. शिवाय स्पर्शपडद्याच्या प्रत्येक यंत्रास बोट टेकल्यानंतर नोंद होण्यास थोडा निराळा वेळ लागतो. जेथे सेकंदाच्या शतांशावर निष्कर्ष अवलंबून, तेथे दोन यंत्रांवरील दोन मुलांची तुलना करणे म्हणजे दोन निरनिराळ्या मापांनी धान्य मोजण्यासारखेच आहे.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट मनाशी बाळगावी लागते. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. जी मुले हंगामी वसतिगृहांत वा आजी-आजोबांजवळ राहत नाहीत, ती आईबापांबरोबर कोपीवर असतात. पहाटेपूर्वीच फडाकडे निघण्याची धांदल सुरू होते आणि मुलांची झोप मोडते. झोपमोड, उपाशी पोट, रक्तातील लोहाची कमतरता, कमी दिसणे, कमी ऐकू येणे यांपैकी कशानेही कळ चुकते. यंत्र चूक मोजते, चुकीचे कारण त्यास कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्या मुलाची चाचणी घेऊन त्यास अवधानदोष आहे असे ठरविणे हा सरळ अन्याय होय.

खरा अवधानदोष असतो, हे नाकारण्याचा येथे हेतू नाही. तो असलेल्या मुलास व्रात्य समजून शिक्षा होत राहणे हाही तितकाच अन्याय आहे. परंतु वैद्यकाच्या मान्य निकषांप्रमाणे त्याची लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली, किमान सहा महिने टिकलेली, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळलेली असावी लागतात. चौदा मिनिटांच्या खेळातून हे कळणार कसे? इंग्लंडमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०२४ साली अशा एका संगणकीय चाचणीस मान्यता दिली, ती तज्ज्ञाच्या तपासणीस जोड म्हणूनच. 'एकाग्रता वाढविणाऱ्या' खेळांबद्दल तर सावधच असावे. अशा खेळांच्या एका अमेरिकन कंपनीस फसव्या जाहिरातींबद्दल २०१६ साली वीस लाख डॉलर भरावे लागले.

शिक्षकास स्वतः मापन करावयाचेच असेल, तर कागद-पेन्सिलीचा जुना मार्ग उपयोगी आहे. १८९५ साली फ्रान्समधील बूर्दों यांनी सुचविलेली ही पद्धत: एका पानावर अक्षरे विस्कळीत लिहून द्यावीत आणि दोन-तीन मिनिटांत त्यांतील सर्व 'क' खोडावयास सांगावे. हेच काम, अक्षरांचा क्रम बदलून, एकदा परिपाठानंतर, एकदा मध्यान्ह भोजनानंतर, एकदा शेवटच्या तासास, असे निरनिराळ्या दिवशी द्यावे. मुलांची नावे न लिहिता संपूर्ण वर्गाचे सुटलेले 'क' मोजावेत. शेवटच्या तासास सर्वांचेच अधिक सुटत असतील, तर गणिताचा तास कोठे ठेवावा याचा विचार वेळापत्रक करणाऱ्याने करावा.

एखाद्या मुलाविषयी खरीच शंका असेल, तर प्रथम डोळे, कान व रक्त यांची तपासणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्या मुलास आवर्जून पुढे करावे. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय आहे, आणि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोबत द्यावयाच्या चिठ्ठीत 'लक्ष देत नाही' असे लिहू नये. 'फळ्यावरील मजकूर उतरविताना तिसऱ्या ओळीनंतर थांबतो. तोंडी गणिते शेवटपर्यंत करतो. मागील बाकावर हे अधिक घडते. आजीच्या सांगण्याप्रमाणे घरी असे दिसत नाही' असे, दिवस व वेळ घालून, दोन आठवड्यांच्या पाहणीवरून लिहावे. अशी चिठ्ठी हाती आली की डॉक्टर पहिल्यांदा मुलाचे डोळे तपासतील.